रविवारचा बॅकअप

फाइल उघडली तर तिच्यात परीक्षा विभाग अजून जुन्याच इमारतीत होता. संजय ओव्हाळने चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली घेतला आणि फायलीची तारीख पाहिली. तारीख कालच्या शुक्रवारची होती. जुनी इमारत पाडून तिथे प्राध्यापकांच्या गाड्या लागायला लागल्या त्यालाही चार-पाच वर्षं होऊन गेली होती. परीक्षा विभागाच्या वायरी त्याने स्वतः उभं राहून नव्या इमारतीत ओढून घेतल्या होत्या, स्विचमध्ये तसे बदल केले होते, त्यानंतर लायब्ररी, मुलींचं हॉस्टेल, नवी लॅब असे बदलांवर बदल होत गेले होते. आणि कालच्या तारखेच्या फायलीत त्यातलं एक अक्षर नव्हतं. त्याने मागच्या महिन्याची फाइल उघडली. तेच. मागच्या दिवाळीतली उघडली. तेच. बिबवेवाडीतल्या त्या खासगी कॉलेजच्या तळमजल्यावर, बिनखिडकीच्या सर्व्हर रूममध्ये, एसीच्या गार झोतातही त्याच्या मानेला घाम फुटला. समोर कपाटात स्विचचे हिरवे दिवे नेहमीसारखे लुकलुकत होते, आपल्याबद्दल काही चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता.

काय झालं असणार ते त्याला लगेच कळलं, आणि इतकं सोपं होतं की त्याला स्वतःचाच राग आला. अख्ख्या कॉलेजच्या वायरी ज्या डब्यात येऊन मिळतात तो हा स्विच. कोणती वायर कोणाची, कोणी कोणाशी बोलायचं आणि कोणाच्या वाटेला जायचं नाही, ही सगळी व्यवस्था त्याच्या पोटात असते आणि ती दोन जागी असते. एक सध्या चालू असलेली. वीज आहे तोवर ती आहे, वीज गेली की गेली. दुसरी आत साठवून ठेवलेली. वीज जाऊन आली की स्विच या दुसरीवरूनच उठतो. आपण जो बदल करतो तो पहिलीत होतो. दुसरीत तो जावा म्हणून शेवटी आणखी एक कमांड द्यावी लागते. ती कोणी दिलीच नव्हती. बदल केला, नेट चालू झालं, प्राचार्यांचा फोन यायचा थांबला, की काम झालं असं सगळे धरून चालले होते. संजयही. दर शुक्रवारी आपोआप बॅकअप घेणारी सोय तेव्हा हाताखाली असलेल्या राकेशने करून ठेवली होती आणि मग तो बंगळूरला निघून गेला होता. ती सोय इमानेइतबारे दुसऱ्या जागेतली, जुनी, साठवलेली व्यवस्थाच उचलून आणत होती. फाइल येते आहे म्हणजे बॅकअप होतो आहे, एवढंच पाहायचं आणि घरी जायचं. एवढ्या वर्षांत स्विच एकदाही बंद पडला नव्हता, कारण वीज गेली तरी बॅटऱ्या होत्या आणि बॅटऱ्या उतरायच्या आत जनरेटर लागत होता. आणि उद्या रविवारी त्याच बॅटऱ्या बदलायच्या होत्या. उद्या सगळं बंद होणार होतं.

एका कमांडचं काम होतं. त्याने पासवर्ड टाकायला कीबोर्डवर हात ठेवले आणि फोन वाजला. कल्याणी होती, त्याची बहीण. "दादा, बाबा पडले," ती म्हणाली. "बाथरूममध्ये. उठवत नाहीये त्यांना. तू निघ."

बिबवेवाडीहून विश्रांतवाडीपर्यंत त्याने गाडी कशी चालवली ते त्याला आठवलं नसतं. येरवड्याच्या पुलावर सिग्नलला उभा असताना मात्र नागपूरची गोष्ट त्याच्या मनात आपोआप सुरू झाली होती, आणि हे काय आपण आत्ता आठवतोय असं वाटून तो दचकला होता. गोष्ट बाबांची होती. दर अशोक विजयादशमीला, वंदना झाली, खीर वाटून झाली की बाबा भिंतीला टेकून बसत आणि छप्पन्न सालातलं नागपूर सांगत. बाबा, म्हणजे भीमराव, तेव्हा आठ वर्षांचे. वडील, आई आणि ते, असे तिघं पुण्याहून निघाले. मनमाडला गाडी बदलली, तिथे पाय ठेवायला जागा नाही, खिडकीतून आत टाकलं. आईने पांढरं लुगडं नेसलेलं, फडक्यात भाकरी आणि लसणाची चटणी. नागपूरच्या मैदानावर माणसंच माणसं, सगळी पांढरी, आणि त्या गर्दीत वडलांचा हात सुटला. कोणाच्या पायांत पाहावं तर आपलं कोणी नाही. आणि मग आईची हाक आली, "भीमाऽ". इथे बाबा हाक मारून दाखवत, खरोखर मोठ्यांदा, शेजारच्यांना ऐकू जाईल अशी. लहानपणी संजयच्या अंगावर त्या हाकेने काटा यायचा. कॉलेजात गेल्यावर तो कल्याणीला ती नक्कल करून दाखवायचा आणि दोघं तोंडात पदर-रुमाल कोंबून हसायची. नोकरी लागल्यावर त्याने ऐकणंच सोडलं. म्हणजे तो समोर बसायचा, हं हं करायचा आणि मांडीवर फोन ठेवून मेल बघायचा. गोष्ट त्याला पाठ होती. पाठ असलेल्या गोष्टीत पुन्हा काय ऐकायचं? संजयची आई गेल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत बाबा मध्येच अडखळायला लागले होते, मनमाडच्या आसपास कुठेतरी गप्प बसायचे, मग एकदम हाकेवर यायचे. कल्याणी म्हणायची, बाबांचं वय झालं. संजयला ते अडखळणंही तिच्याकडूनच कळलं होतं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सोमवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. डॉक्टर तरुण होते, शांत बोलत होते. "या वयात भूल दिली की नंतर थोडा गोंधळ होतो कधीकधी. माणसं ओळखत नाहीत, जुनं-नवं एक होतं. घाबरायचं नाही. बहुतेक जण दोन-चार दिवसांत ताळ्यावर येतात." संजयने मान हलवली. बाहेर आल्यावर जिन्यात त्याच्या डोक्यात फक्त 'बहुतेक' एवढा शब्द उरला होता. आणि त्याच्या पाठोपाठ, अगदी नको असताना, तो स्विच आला. बंद होणार, मग पुन्हा चालू होणार, आणि उठणार तो कुठल्या सालातला? त्याला स्वतःची लाज वाटली. बाप आत कण्हतोय आणि आपल्याला डबे आठवताहेत. बाबांना हे सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मला काय तुझं खोकं समजलास काय? खडकीच्या कारखान्यात सबंध आयुष्य यंत्रांपाशी काढलेल्या माणसाला यंत्राची उपमा कोणी द्यायची नसते. तरी ती रात्रभर त्याच्या डोक्यात बसून राहिली. खुर्चीत अवघडून बसल्या बसल्या त्याने ठरवलं, सकाळी कॉलेजातल्या निकिताला फोन करायचा, आधी तेवढं साठवून घ्यायला सांगायचं. पहाटे डोळा लागला आणि सकाळी रक्त तपासायला नेणारे, कागदांवर सह्या घेणारे, चहावाला, यांच्यात ते राहून गेलं.

दुपारी वॉर्ड जरा निवांत झाला. कल्याणी डबा आणायला घरी गेली होती. बाबा उशीवर मान टेकून खिडकीबाहेर बघत होते. आळंदी रोडवरची वाहनं काचेतून मुक्याने जात होती. बोलताना ते डोळे मिटत होते.

"कॉलेज बंद पडलं का तुझं?"

"आज रविवार आहे, बाबा."

"मग तर जास्तच काम असेल." ते म्हणाले. "डॉक्टर काय म्हणाला, ते मी ऐकलं. मला कमी ऐकू येतं असं तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय, मला बरं पडतं ते."

संजय हसला. बाबाही हसल्यासारखे झाले, मग कळ आली असावी, ओठ आवळून राहिले. त्यांचा डावा हात, सुई न लावलेला, चादरीवर हलके हलके पडत होता. दुखणं सोसायला माणूस काहीतरी करतो, तसं ते असेल असं संजयला वाटलं.

"नागपूरचं तुला ठाऊक आहे ना?"

"पाठ आहे, बाबा."

"पाठ आहे तेच चुकीचं आहे," बाबा म्हणाले. "आई नव्हती बरोबर."

"होती की. पांढरं लुगडं. तुम्हीच तर सांगता, हाक..."

"हाक वडलांनी मारली. आई होती असं वडील सांगायचे, जो येईल त्याला. त्यांचं सगळं आयुष्य तसं सांगण्यात गेलं. मीही तेच पुढे चालवलं. तुझी आई गेल्यापासून दर वर्षी वाटतं, या वेळी खरं सांगावं. तोंडात येतं आणि..." त्यांनी डोळे उघडले. "आई घरी थांबली होती. लहानीपाशी."

"लहानी कोण?"

बाबा एकुलते एक होते. हे संजयला जितकं पक्कं माहीत होतं तितकं जगात फारच थोडं माहीत होतं. सगळ्या कागदांवर, सगळ्या बोलण्यांत, आजोबांच्या फोटोखाली बसलेल्या त्या घरात, बाबा एकटेच वाढले होते. बाबा त्याच्याकडे बघत होते. कुठून सुरुवात करावी हे जुळवत होते, ओठ किंचित हलले होते. आणि संजयच्या खिशात फोन थरथरला. त्याने पाहिलं. निकिता. त्याच क्षणी त्याला सगळं आठवलं, बॅटऱ्या, रविवार, परीक्षा विभाग, उद्यापासून सुरू होणारे ऑनलाइन पेपर, आणि अंगठा आपसूक हिरव्या खुणेवर गेला. पुढे कितीतरी दिवस तो या अंगठ्याकडे बघणार होता.

"दोन मिनिटं, बाबा," तो म्हणाला आणि उठला.

"सर, इलेक्ट्रिशियन आलेत," निकिता म्हणाली. ती त्याच्या हाताखाली होती, दीड-दोन वर्षं झाली होती तिला. "मेन ऑफ करतोय म्हणतात. करू दे ना?"

"नाही!" तो कॉरिडॉरमध्ये इतक्या मोठ्यांदा ओरडला की बाकावरच्या बाईने त्याच्याकडे रागाने पाहिलं. "थांबव त्यांना. हात लावू देऊ नकोस. आधी मोठ्या स्विचचा बॅकअप घ्यायचाय."

"सर, पण बॅकअप तर फ्रायडेला होतो ना?"

"तो जुन्याचा होतो. साठवलेल्याचा. आत्ता जे चालू आहे ते कुठेच नाहीये. फक्त त्याच्या मेमरीत आहे."

"म्हणजे इतकी वर्षं आपण चुकीचाच बॅकअप घेत होतो?"

"निकिता, लॅपटॉप लाव."

पासवर्ड फक्त त्याला माहीत होता. मेसेज करायचा नाही, हा नियम त्यानेच घातला होता. म्हणून तो जिन्याच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि तोंडावर हात धरून एकेक अक्षर सांगू लागला. पहिल्यांदा चुकलं. दुसऱ्यांदा आत गेली. मागून इलेक्ट्रिशियनचा आवाज येत होता, "मॅडम, आम्हाला अजून दुसरी साइट हाय." तिने चालू व्यवस्था पडद्यावर आणली, ओळींमागून ओळी, आणि ती वाचत गेली तसा तो हो, हो म्हणत गेला. नवी इमारत, लायब्ररी, हॉस्टेल, लॅब. सगळं होतं. "आता साठवायची कमांड दे. झालं? आता त्याची एक कॉपी लॅपटॉपवर घे. फाइल उघडून बघ. नुसती आली म्हणून सोडू नकोस, उघडून बघ. परीक्षा विभाग कुठे दिसतोय?"

"नव्या बिल्डिंगमध्ये, सर."

"शाबास." त्याने डोळे मिटून भिंतीला कपाळ टेकवलं. गार भिंत बरी वाटली. खरोखर बरं वाटलं, छातीवरचं काहीतरी उतरलं. हे बरं वाटणंही नंतर त्याला छळणार होतं. "आता करू दे बंद."

तो परतला तेव्हा पलंग रिकामा होता. ऑपरेशनआधी हृदयाची तपासणी करायची म्हणून बाबांना खाली नेलं होतं. बऱ्याच वेळाने आणलं तेव्हा ते चाकांच्या हादऱ्यांनी पांढरेफटक पडले होते. कल्याणी डबा घेऊन आली होती, शेजारचे दोघं भेटायला आले होते. संजय त्यांच्या उशाशी वाकला.

"बाबा, लहानी कोण?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग शेजाऱ्यांकडे. "एवढं काही नाही," ते म्हणाले. "दोन मिनिटांचंच आहे. उद्या सांगतो." दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिल्यावर ते झोपले. सकाळी त्यांना उठवून हिरवा झगा चढवून नेलं तेव्हा लिफ्टच्या दारात त्यांनी हात वर केला, कारखान्याच्या गेटवर दोस्तांना करायचे तसा.

दार बंद झाल्यावर तो कल्याणीला म्हणाला, "बाबांनी कधी लहानी म्हणून कोणाचं नाव घेतलंय?"

"कोण लहानी?"

त्याने सांगितलं. जेवढं होतं तेवढं. चार वाक्यं होती. कल्याणी त्याच्याकडे बघत राहिली. "मग? पुढे?"

"फोन आला."

"कोणाचा?"

"कॉलेजचा."

ती उठली. कालचा डबा उचलून बेसिनवर धुवायला गेली, आणि आधीच धुतलेला तो डबा बराच वेळ धूत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं. संजय बाकावर बसून विचार करत राहिला. छप्पन्न सालात लहानी किती लहान असेल? पाळण्यातली? आजारी असेल, म्हणून आजी थांबली असेल. आणि आजोबा परत आले तेव्हा? सगळं आयुष्य माणूस बायको बरोबर होती असं का सांगेल? आठ वर्षांच्या मुलाला तेच सांगायला का शिकवेल? उत्तर समोर दिसत होतं, पण ते त्याचं उत्तर होतं, बाबांचं नव्हतं. तिला नाव होतं का? की नुसतीच लहानी? त्या घरातली ती आजी, जिला त्याने स्वतः पाहिलं होतं, जिच्या हातची भाकरी खाल्ली होती, ती कधी मैदानाचं वर्णन करत नसे, नागपूरचं निघालं की चुलीपाशी उठून जायची. तो म्हणायचा, आजीला गोष्ट सांगता येत नाही.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवस बाबा डॉक्टर म्हणाले होते तसेच होते. आईला हाक मारत, भोंगा झाला का विचारत, कल्याणीला एकदा बाई म्हणाले. संजय रजा टाकून बसून होता. निकिताचा मेसेज आला होता, सर, रिस्टार्टनंतर सगळं ओके, पेपर सुरळीत. त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी वर्तमानपत्र मागितलं, मथळे वाचले आणि म्हणाले, "मी दोन दिवस बेशुद्ध होतो तरी काही सुधारलेलं दिसत नाही." कल्याणी रडता रडता हसली. डॉक्टरांनी तारीख विचारली, बाबांनी सांगितली. घरचा पत्ता विचारला, तो सांगून वर पिनकोड सांगितला. सगळं परत आलं होतं.

संजयने दुपारपर्यंत धीर धरला. मग फोन बंद केला, नुसता मुका नाही, पूर्ण बंद, आणि खुर्ची पलंगाला चिकटवली. "बाबा, तुम्ही रविवारी सांगत होता. लहानीचं."

"कोण लहानी?"

"आजी घरी थांबली होती म्हणालात. नागपूरला आली नव्हती."

"आई? घरी?" बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अरे, ती बरोबर होती. तुला किती वेळा सांगितलंय! ऐकतोस कुठे तू?"

त्यांच्या डोळ्यांत काही लपवल्यासारखं दिसतं का म्हणून संजय निरखून बघत राहिला. नव्हतं. किंवा असेलही, साठ-सत्तर वर्षं लपवलेलं त्याला एका नजरेत थोडंच दिसणार होतं. भुलेने पुसलं, की मुलगा उठून गेल्यावर बाबांनी स्वतःच पुन्हा दार लावून घेतलं, हे त्याला आता कधी कळणार नव्हतं. कल्याणी मागून हळूच म्हणाली, "इंजेक्शनच्या भरात काहीतरी बोलले असतील, दादा. सोडून दे." तीही एक शक्यता होती. तिसरी. प्रत्येक शक्यतेत तो मात्र कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून पासवर्ड सांगत उभा होता.

वासंती सिस्टर ब्लडप्रेशर बघायला आल्या. उजव्या दंडाला पट्टा बांधताना गळ्यातली निळी दोरी आणि तिच्यातलं पदक पाहून त्यांनी विचारलं, "बाबा, नागपूरला जाऊन आलात की नाही कधी?" आणि बाबांचा चेहरा उजळला. "कधी म्हणजे? पहिल्यांदाच! आठ वर्षांचा होतो." त्यांनी भिंतीला टेकावं तशी उशीला पाठ टेकली आणि सुरुवात केली. वडील, आई आणि मी. मनमाडला गाडी बदलली. खिडकीतून आत टाकलं. आता कुठेही अडखळणं नव्हतं, मनमाडला नाही, पुढेही नाही. वीस वर्षांपूर्वी सांगायचे तसं, सलग. आईचं पांढरं लुगडं. लसणाची चटणी. सिस्टर पट्टा सोडायचं विसरून ऐकत होत्या.

"ऐकतोयस ना?" बाबांनी मध्येच विचारलं.

"ऐकतोय, बाबा."

तो खरोखर ऐकत होता, एकेक शब्द, कुठे काही फट राहिली आहे का ते शोधत. फट नव्हती. बाबा हाकेपाशी आले, त्यांनी छाती भरून घेतली, आणि तेव्हा संजयची नजर त्यांच्या डाव्या हाताकडे गेली. हात चादरीवर होता, अंगाच्या अगदी जवळ, कुशीशी. तो एकाच जागी थोपटत होता. खूप हलक्याने, कोणी जागं होऊ नये एवढ्या हलक्याने, थांबून, पुन्हा. रविवारी तो असाच पडत होता. बाबांचं तिकडे लक्ष नव्हतं. ते मैदानावर होते, आईने हाक मारली होती, वॉर्डातली माणसं माना वळवून बघत होती.

संजयला तो हात हातात घ्यावासा वाटला. त्याने घेतला नाही. घेतला असता तर तो थांबला असता.